मधली नळी

७ जानेवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, म्हणजे अर्धं काम झालं. फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून सोडून देतोस. पण सरकारी माणूस हातात आलेलं पाकीट न फोडता टाकत नाही, एवढं तुला ओळखते. म्हणून हा कागद.

कामाचंच बोलते. वहिनीचा फोन आला होता. तिच्यावर डोळे वटारू नकोस. तिने सांगितलं नसतं तर मी तिच्यावर भडकले असते, आणि तुझ्यापेक्षा माझा राग वाईट हे तिला लग्नाच्या आधीपासून ठाऊक आहे. तुझ्या पोरीचे, ठकीचे, डोळे पिवळे, रक्त कमी, प्लीहा वाढलेली, वर पित्ताशयात खडे. डॉक्टरांनी ‘गोल पेशींचा आजार’ असं निदान केलंय आणि फेब्रुवारीच्या मध्यावर पित्ताशय आणि प्लीहा एकदमच काढून टाकणार आहेत. मला कळलं ते एवढं. बरोबर आहे ना?

तू पाहुण्यांना सांगतोस म्हणे, ‘आमची भिंगरी रक्ताशी खेळते.’ ठीक आहे, तर खेळ काय तो ऐक. रक्तातली लाल पेशी म्हणजे पातळ पडद्याची पिशवी. आतल्या मालाच्या मानाने कापड जरा जास्तच घेतलेलं, म्हणून ती टम्म गोल नसते, मधे बोटाने दाबल्यासारखी खोलगट असते. सगळी गंमत त्या जादा कापडात आहे. तिला स्वतःपेक्षा अरुंद नळीतून अंग चोरून जावं लागतं आणि बाहेर आल्यावर पुन्हा पहिल्यासारखं व्हावं लागतं. ती किती वाकते, किती लवकर सावरते आणि कधी फुटते, हे मी मोजते. माझ्या खोलीत दुसरं काही होत नाही. गोल पेशींच्या आजारात हे कापड कमी पडतं, पिशवी चेंडूसारखी होते, वाकत नाही, आणि प्लीहा तिला अडवून मोडीत काढते. प्लीहा काढली की पेशी जगतात. त्यामुळे डॉक्टर म्हणतात ते चूक नाही, निदान बरोबर असेल तर.

तेवढं ‘असेल तर’ मला तपासू दे. ठकीच्या रक्ताची एक नळी पाठव. बर्फाच्या डब्यात, सकाळच्या बसने. तुला यायला नको, बोलायला नको. तुझं माझं जे काही आहे ते आहे तिथेच राहू दे, मी त्याबद्दल एक अक्षर काढणार नाही.

तुझी बहीण

१५ जानेवारी

दादा,

नळी मिळाली. डब्यावर पत्ता तुझ्या अक्षरात होता, त्याबद्दल आभार मानले तर तू पुढची नळी पाठवणार नाहीस, म्हणून मानत नाही.

निकाल असा. आम्ही नळ्यांची एक रांग लावतो. डावीकडे चांगलं खारट पाणी, पुढे पुढे मीठ कमी कमी, उजव्या टोकाला जवळजवळ नुसतं पाणी. प्रत्येकीत रक्ताचा थेंब सोडायचा. पाणी जितकं अळणी तितकं ते पेशीत शिरतं, पिशवी फुगत जाते, जादा कापड संपलं की फुटते आणि पाणी लाल होतं. कुठल्या नळीत किती फुटल्या त्याची कागदावर रेघ काढायची. गोल पेशी लवकर फुटतात, कारण त्यांच्याकडे कापडच नाही. ठकीच्या पेशी लवकर फुटल्या नाहीत. माझ्या रेघेवर रेघ बसली तिची. तिचं रक्त नॉर्मल आहे.

‘माझ्या रेघेवर’ म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तू म्हणशील हवेत बोलते. कुणाचंही रक्त तपासायचं तर शेजारी निरोगी माणसाचं ताजं रक्त लागतं, त्याच्याशी ताडून बघायला. शिळं चालत नाही, रात्रभरात पेशींचा आकार बिघडतो. बाकीच्या लॅबमध्ये जो सापडेल त्याला धरतात; आज हा, उद्या तो. मला ते पटत नाही. माणूस रोज बदलला तर मोजमापही रोज बदलणार. म्हणून माझा नियम असा की निरोगी माणूस कायम एकच, आणि तो म्हणजे मी. मी कधी रजा घेत नाही, मला कधी काही होत नाही. सकाळी आल्या आल्या आमचा सुईवाला माझ्या दंडाला पट्टा बांधतो आणि म्हणतो, ‘मॅडम, आजचा हप्ता.’ माझी रेघ म्हणजे या खोलीतला ‘एक’. बाकी सगळ्यांना तिने भागायचं. माझे सगळे शोधनिबंध त्यावर उभे आहेत.

तेव्हा ऑपरेशन थांबवा. खड्यांचं काय ते बघा, पण प्लीहेला हात लावायचं कारण दिसत नाही.

वहिनी आणखी एक म्हणाली. डॉक्टरांनी तुला विचारलं, घरात आधी कुणाला अशी कावीळ होती का, आणि तू सांगितलंस, नाही. असो. मी अक्षर काढणार नाही म्हटलंय.

तुझी बहीण

२४ जानेवारी

दादा,

तुझं कार्ड मिळालं. इतक्या वर्षांनी चार ओळी लिहिल्यास, त्याही अशा. पुन्हा उतरवून काढते, म्हणजे मी नीट वाचलं हे तुला कळेल.

‘मुलगी पोट धरून गडाबडा लोळते आहे आणि तू नॉर्मल म्हणतेस. सर्जन हसले. दुकानदाराचं वजन मी दुकानदाराच्या शब्दावर पास करत नाही. तुझ्या नॉर्मलवर शिक्का कुणी मारला?’

खरं सांगू? कार्ड फाडणार होते. वजनमापाच्या इन्स्पेक्टरने मला मोजायला शिकवावं! सुईवाल्याला वाचून दाखवलं, म्हटलं बघ, आमच्या बंधुराजांना वाटतं मी भाजी विकते. तो हसला, पण जरा उशिरा हसला. मग म्हणाला, ‘मॅडम, खरंच, तुमचं कधी कुणाशी ताडलंय का आपण?’ मी म्हटलं, गप्प बस आणि कामाला लाग. दिवसभर माझं कामात लक्ष नव्हतं. मुलगी लोळते आहे हे तर खोटं नव्हतं ना. रक्त नॉर्मल असेल तर ती पिवळी कशाने?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इमारतीतून माणसं गोळा केली. दारावरचा पहारेकरी, लिफ्टवाला, कँटीनच्या गल्ल्यावरच्या बाई, माझी विद्यार्थिनी, सुईवाला स्वतः, आणि वरच्या मजल्यावरचे माशीवाले प्राध्यापक, जे जन्मभर माश्यांचे पंख मोजताहेत आणि सुई बघून घामाघूम होतात. रक्त घेण्याआधी आमच्याकडे काही ठरलेले प्रश्न विचारावे लागतात: ताप आला होता का, गोळ्या चालू आहेत का, दारू पिता का. शेवटच्या प्रश्नाला माशीवाले म्हणाले, ‘अनुदान नाकारलं की पितो.’ पहारेकऱ्याने लाजून ‘हो’ म्हणून मान हलवली. मी प्रत्येकाच्या नावापुढे तो सांगेल ते लिहिलं.

सगळ्यांच्या नळ्या रांगेत लावल्या. एकेक करून सगळ्यांच्या पेशी साधारण एकाच ठिकाणी फुटल्या. पाणी लाल झालं. सगळ्यांचं, दादा. माझी नळी अजून गढूळ होती, पेशी शाबूत, तळाशी बसताहेत. आणखी अळणी पाणी घेतलं तरी शाबूत. जवळजवळ नुसत्या पाण्यात गेल्या तेव्हा कुठे फुटल्या. आणि शेजारी ठकीची ताजी नळी, आदल्या रात्री वहिनीला सांगून सकाळच्या बसने मागवलेली, अगदी तशीच.

मला वाटलं पाणी चुकलं. पुन्हा केलं. मग वाटलं नळ्यांची अदलाबदल झाली. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा सुईवाल्याने न विचारता खुर्ची पुढे केली आणि मी बसले.

नॉर्मल ते सगळे आहेत. मी नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मी रोज सकाळी माझा हात पुढे करायचे आणि अख्ख्या जगाला माझ्याशी ताडून बघायचे. गेल्या वर्षीचा माझा गाजलेला निबंध होता की रात्रपाळी करणाऱ्यांच्या पेशींचा पडदा कमजोर होतो. कसला कमजोर! ती चांगली धडधाकट माणसं होती, माझ्या शेजारी उभी केली म्हणून आजारी ठरली. तो निबंध मागे घ्यावा लागेल. संचालकांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत न घालता बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. चष्म्याशिवाय त्यांना खिडकीसुद्धा दिसत नाही.

माझं हे काय आहे ते अजून मला नक्की कळलेलं नाही. आमच्याकडच्या रक्तविकाराच्या डॉक्टरीणबाईंकडे माझं आणि ठकीचं रक्त दिलंय. मागच्या पत्रातलं ‘नॉर्मल’ मी मागे घेते. पण गोल पेशी नाहीत हे नक्की, तेवढ्यावर मी ठाम आहे. तोवर प्लीहेला हात लावू देऊ नकोस.

तुझ्या कार्डाबद्दल आभार. हे मनापासून.

भिंगरी

२८ जानेवारी

दादा,

हे पत्र मिळालं की आधी पूर्ण वाच, मग चीड.

बाईंनी सांगितलं. गोल पेशींच्या बरोबर उलटा आजार आहे हा. पडद्यात बारीक दारं असतात, पेशी ताणली की उघडतात आणि लगेच मिटतात. आपल्याकडे ती मिटायला उशीर लावतात. तेवढ्यात आतले क्षार बाहेर जातात, त्यांच्यामागून पाणी जातं आणि पेशी सुकते. आत माल कमी, कापड तेवढंच, म्हणून अळणी पाण्यात ती फुगून फुगून उशिरा फुटते. माझ्या नळ्यांत ती पहिलवान दिसते, पण शरीरात लवकर मरते. म्हणून कावीळ, म्हणून खडे, म्हणून वाढलेली प्लीहा. वरवर बघितलं तर गोल पेशींच्या आजारासारखंच सगळं, त्यामुळे भले भले फसतात. तुमच्या डॉक्टरांना मी नावं ठेवत नाही. मी स्वतः रोज बघून फसले, ते तर एकदाच बघत होते.

आता महत्त्वाचं. गोल पेशींच्या आजारात प्लीहा काढली की माणूस बरा होतो. या आजारात प्लीहा काढली की रक्ताच्या गाठी होतात. यकृताच्या शिरेत, फुप्फुसात. लगेच नाही, तर वर्षाने, नाहीतर पाच वर्षांनी. आणि एकदा काढलेली प्लीहा परत बसवता येत नाही. ठकी एकोणीस वर्षांची आहे. पित्ताशय काढा, हरकत नाही. प्लीहा राहिली पाहिजे.

बाईंचं पत्र सोबत जोडलंय, ते सर्जनना दे. जनुकांची तपासणी पाठवली आहे, पण तिचा निकाल यायला दोन महिने लागतील, आणि खड्यांमुळे तेवढं थांबता येणार नाही असं वहिनी म्हणाली.

आणखी एक. हा आजार रक्ताच्या नात्यात सरळ खाली उतरतो, आईबापांपैकी एकाकडून मुलाकडे. पिढी गाळत नाही. माझ्यात आहे, फक्त सौम्य; ठकीत आहे. माझ्याकडून तिच्याकडे उडी मारून तो जाणार नाही. मधे तू आहेस.

आणि आपल्या दोघांच्या वर कोण, हे मी लिहीत नाही. मी शब्द दिलाय.

भिंगरी

४ फेब्रुवारी

दादा,

वहिनीकडून कळलं. सर्जन म्हणाले, आत्याच्या रक्तावरून भाचीचं ऑपरेशन बदलता येत नाही, मुलीच्या वडिलांचं रक्त तपासून आणा, मग बघू. वाजवी बोलले. त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं. आणि तू म्हणालास, ‘माझं रक्त ठणठणीत आहे. मला काही झालेलं नाही. मी कुठेही येणार नाही.’

मग मी दिलेला शब्द मोडते. घे.

तुझं घोडं कुठे अडलंय ते मला माहीत आहे. हात पुढे करायला तू घाबरत नाहीस. रक्तात काय निघेल त्याला घाबरतोस. ते निघालं तर बाबा खरं बोलत होते असं होईल.

बाबांना डेपोच्या डॉक्टरने पापणी खाली ओढून बघितलं आणि विचारलं, किती घेता? बाबा म्हणाले, थेंबभरही नाही. डॉक्टरने मान डोलावली आणि कागदावर दुसरंच लिहिलं. सव्वीस वर्षं एक ओरखडा न काढता बस चालवलेल्या माणसाच्या हातातून स्टिअरिंग काढून घेतलं आणि बसगाड्या धुवायला लावल्या. तू तेव्हा नुकता नोकरीला लागला होतास. लोक तुला विचारायचे, वडील घेतात का हो? तू घरी आलास, त्यांची पेटी उपसलीस, कपाट उपसलंस, गादीखाली बघितलंस. एक बाटली सापडली नाही. तेव्हा तू काय म्हणालास ते आठवतं ना? ‘लपवण्यातही हुशार आहात.’ बाबा कपडे परत पेटीत घालत बसले, एकेक घडी करून. महिन्याभरात माझ्याकडे राहायला आले. माझ्याकडेही कुणी आलं की हात जोडून आधी सांगायचे, ‘मी घेत नाही हां.’ मला त्याची इतकी चीड यायची. त्यांची नाही रे, सांगावं लागतं याची.

ते गेले तेव्हा तू दारात उभा राहून म्हणालास, ‘शेवटी लिव्हरनेच गेले ना.’ मी दार लावून घेतलं. ते आजतागायत बंदच आहे.

आता ऐक, हे बाईंनी समजावलं. या आजारात शरीर गरज नसताना अन्नातलं लोह ओढून घेत राहतं. ते यकृतात साठतं. वर्षानुवर्षं साठलं की यकृत निकामी होतं. दारूशिवाय. हे ऐकलं तेव्हा मला आधी काय वाटलं सांगू? दुःख नाही वाटलं. जिंकल्यासारखं वाटलं. दाराशी येऊन तुला ओरडून सांगावंसं वाटलं. जिना उतरून खाली येईपर्यंत वाटत होतं. मग ठकी आठवली आणि ते सगळं ओसरलं.

काविळीच्या माणसाला जग पिवळं दिसतं म्हणतात. आपल्या घरात उलटंच झालं. जगाला आपण पिवळे दिसलो आणि आपल्याला आपलं दिसलंच नाही.

तुला दिसलंय मात्र. वहिनी म्हणते, गेली दोन वर्षं तू ऑफिसात काळा चष्मा लावून बसतोस. डोळे आलेत, धूळ जाते, असं काहीबाही सांगतोस. आणि परवाच्या वार्षिक तपासणीत डॉक्टरने तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं म्हणे, ‘साहेब, जरा कमी करा.’ तू घरी येऊन जेवला नाहीस. वहिनीने खोदून खोदून विचारलं तेव्हा एवढं सांगितलंस आणि उठून गेलास.

तू पीत नाहीस हे वहिनीला माहीत आहे. तुला माहीत आहे. त्या डॉक्टरला माहीत नाही. दोन वर्षं तू एकटा हे घेऊन बसला आहेस, मला एकदा तरी फोन करावासा वाटला नाही का रे?

रागाने लिहितेय, आणि काळजीने. रागापुरतं माफ कर, काळजीपुरतं ये. बाबांसाठी येऊ नकोस, त्यांना आता काही फरक पडत नाही. माझ्यासाठी तर मुळीच नको. माझ्या स्टँडवर तीन भोकं आहेत. डावीकडे माझी नळी, उजवीकडे ठकीची. मधलं भोक रिकामं आहे आणि सर्जन ते बघताहेत. सकाळच्या बसने निघ.

भिंगरी

१९ फेब्रुवारी

दादा,

वहिनीने फोन केला. पित्ताशय काढलं, प्लीहा जागच्या जागी आहे, ठकी शुद्धीवर आल्या आल्या ‘माझे केस कुणी विंचरले?’ म्हणून भांडली. म्हणजे ठीक आहे. आता वर्षातून एकदा तिने लोह तपासून घ्यायचं, तू सहा महिन्यांनी घ्यायचंस, कारण तुझ्यात ते बरंच साठलंय. त्यावर उपाय आहे, त्रास झाला तरी करायचा. डॉक्टरीणबाई तुला स्वतः लिहिणार आहेत. तुमच्या ऑफिसच्या डॉक्टरला दाखवायला एक वेगळं पत्रही त्या देतील. ते मी मागितलं.

तू आलास त्या दिवशी तोंडावर काही बोलता आलं नाही. तुझ्या परतीच्या बसची घाई होती आणि सुईवाला उगाच मधे मधे चहा आणत होता. म्हणून उरलेलं इथे लिहिते.

तू दारातून आत आलास तेव्हा मी तुला क्षणभर ओळखलं नाही. चष्म्यामुळे नाही. चाल बाबांची झाली आहे तुझी. तू आल्या आल्या माझ्या तराजूवर बोट टेकवून बघितलंस, ‘हा शेवटचा कधी तपासला?’ विचारलंस, आणि मी तारीख सांगितली तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर जरा निराशा आली, चूक सापडली नाही म्हणून. मला बरं वाटलं ते बघून. दादा घरी आला असं वाटलं.

मग तू खुर्चीत बसलास, बाही वर केलीस. रक्त मीच घ्यायचं ठरवलं होतं. आणि घेण्याआधी ते प्रश्न. सगळ्यांना विचारतात, वगळता येत नाहीत. मी कागद समोर ओढला. ताप? नाही. गोळ्या? नाही. पुढचा प्रश्न मी कागदातूनच वाचला, तुझ्याकडे बघवत नव्हतं. दारू पिता का?

सुईवाला चहा ठेवायला आला होता, तो तसाच मागे फिरला. मग तू चष्मा काढून मांडीवर ठेवलास. डोळे पिवळे होते, अगदी त्यांच्यासारखे.

‘थेंबभरही नाही,’ तू म्हणालास.

आणि माझ्याकडे बघत राहिलास. मला खरं वाटतंय की नाही ते बघत. बाबा असेच बघत राहायचे समोरच्याकडे, आठवतंय?

मी ‘नाही’ लिहिलं आणि तुझ्या दंडाला पट्टा बांधला.

एवढंच करायचं होतं रे त्या दिवशी डेपोत कुणीतरी.

भिंगरी